माजलगावच्या अलीकडं दोन मुक्काम

"ॲव्हरेज किती देती?"

हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा विचारला त्याचं तोंड आता आठवत नाही, पण त्यानंतर ज्यांनी ज्यांनी विचारला त्या सगळ्यांवर मी खेकसलोय. माझी गाडी उभी राहिली की माणसं जमतात. कुणी आरशात बघून भांग पाडतो, कुणी सीटवर पोरगं बसवून फोटो काढतो. एक बहाद्दर तर बाजूच्या सामानाच्या पेटीवर नखानं टकटक करून बघत होता, पत्रा हाय का पलास्टिक म्हणून. मग ठरलेले सवाल. कितीला पडली? ॲव्हरेज किती? पळती किती? आणि शेवटी, "येवढी मोठी घेतली तरी कावून?"

शेवटच्या सवालाचं उत्तर मी खरं द्यायचो. "आईला बसवायला." लोक हसायचे. गडी चेष्टा करतोय असं वाटायचं त्यांना.

चेष्टा कसली? आमच्या आईला गाडी लागायची. यष्टीच्या धुराचा नुसता वास आला तरी ती पदर तोंडाला लावायची. जीप झाली, रिक्षा झाली, पाहुण्यांची गार हवेची कार झाली. लिंबू हुंगवून बघितलं, ओवा चघळायला दिला, डायव्हरशेजारी बसवलं. काही उपयोग नाही. मामाच्या पोरीच्या लग्नाला निघालो तेव्हा तिनं बीडच्या अलीकडंच गाडी थांबवायला लावली, खाली उतरली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी येते चालत." आणि लागली की चालायला! लग्न राहिलं बाजूला, आम्ही सगळे तिच्या मागं.

मोटरसायकलवर वारा लागतो म्हणून ओकारी यायची नाही. पण तिथं दुसरंच दुखणं. मणक्यात गॅप पडलेली. शेजारच्या गावापर्यंत गेलं तरी उतरताना तिला दोघांनी धरावं लागायचं.

आम्ही मेंढरंवाले. पाटोद्याकडच्या डोंगरात आमचं गाव. सुगी संपली की आई-आबा मेंढरं घेऊन डोंगर उतरायचे आणि सिंदफणेच्या काठाकाठानं माजलगावला, तिथून परळीकडं, पार धर्मापुरीपर्यंत जायचे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, त्याचं धान्य आपल्याला. एका रानात मुक्काम झाला की दुसऱ्या दिवशी पुढच्या रानात. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि त्यावर चालून दमलेलं एखादं लेकरू.

ते लेकरू म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला बघितलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. वाटेत ताप भरला आणि मुक्कामावरच संपली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नदीकाठच्या रानात, दोन लिंबांच्या मधे आबानं खड्डा केला. पुढच्या रानवाल्याला शब्द दिलेला होता, सकाळी मेंढरं हलवावीच लागली. आई म्हणायची, "माणसाला थांबता येतं रे. मेंढरं थांबत न्हाईत." तिथून दोन मुक्काम करून ते माजलगावच्या बाजारात पोचले.

त्यानंतर आबानं ती वाट सोडली ती सोडलीच. पुढच्या वर्षापासून मेंढरं गेवराईकडं, गोदावरीच्या अंगानं न्यायला लागला. माझ्या लहानपणी तर त्यानं मेंढरंच विकली आणि डोंगरातल्या दोन तुकड्यांत बाजरी पेरत बसला. मला आश्रमशाळेत घातलं. आई कधी माजलगावचं नाव काढायची नाही. आबा गेला, त्याचा तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि त्या दुपारी भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं, "तुझ्या बापानं मला तिकडं परत कदी नेलं न्हाई. त्याच्याच्यानं बगवलं नस्तं. आता तू ने. एकडाव पोरीची जागा बगते न् मग मी मरायला मोकळी."

"मरायचं बोलू नको, नेतो," म्हणालो. नेतो म्हणणं सोपं होतं. न्यायची कशात, हा प्रश्न होता.

मी तेव्हा पुण्यात मोठ्या मोटरसायकलींच्या गॅरेजात कामाला होतो. तिथं कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी पडून होती. लांबच्या प्रवासाचीच गाडी ती, त्यासाठीच बनवलेली. सहा सिलेंडरचं इंजन, पुढं वारा अडवायला मोठी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. वजन इतकं की मागं घ्यायला रिव्हर्स दिलेला. जिची गाडी त्या माणसाचा तिच्यावर अपघात झाला होता. तो वाचला, पण गाडीचं तोंड बघायला तयार नव्हता. इतके दिवस मी तिच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. आबाचं करून पुण्याला परत आलो त्या दिवशी ताडपत्री उचलली आणि मागची सीट बघितली. सीट कसली, खुर्चीच ती! जाड गादी, पाठीला टेकू, दोन्ही अंगाला हात ठेवायला जागा. मी तिथंच उभा राहिलो. आईच बसलेली दिसली मला तिच्यात.

ती गाडी मी विकत घेतली, गॅरेज सोडलं आणि तिला टेम्पोत घालून गावाकडं आणली. रस्त्याला लागून एक शेड टाकलं, दिवसा लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या वेळात हिच्याशी झुंजायचं. एक पार्ट मिळाला तर दुसरा मिळायचा नाही. चेसीस सरळ करताना माझं बोट चेंगरलं, त्याचं नख अजून वाकडं आहे. बायको म्हणायची, "या धुडाशीच लगीन लावायचं होतं की." आई मात्र दुपारी भाकरी घेऊन यायची, शेडच्या दारात बसायची आणि विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "आलं बग." असं सगळं वरीस गेलं.

गाडी चालू झाली त्या दिवशी लिंबू-नारळ सगळं केलं. बायका कुजबुजत होत्या, म्हातारी बसंल कशी? आमच्याकडं बायका मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसतात, आणि या सीटला तर दोन्हीकडून हात. एका बाजूला बसताच येत नाही. आईनं मग नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, माझ्या खांद्यावर हात टाकला, पायदानावर पाय दिला आणि 'आई गं' करत टांग टाकून बसली. "घोडीवर बसले न्हाई का मी?" म्हणाली. टेकून बसली, हात ठेवून बघितले. "अगं बया! ह्यात तर झोप लागंल." मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो.

हेल्मेटला ती टोपडं म्हणायची. "एवढ्या मोठ्या बाईला टोपडं घालतोस व्हय रे?" त्याची काच ती कायम वर ठेवायची, वारा तोंडावर लागला पाहिजे म्हणून. बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही खूण ठरवली. पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब.

निघायच्या आधी मी तिला खुणा विचारून घेतल्या. तिनं न चुकता सांगितल्या. नदीचा काठ, दोन लिंबं, पायऱ्यांची विहीर आणि समोर पलीकडच्या अंगाला एक बसकं टेकाड, उंट बसल्यासारखं. तिथून माजलगावचा बाजार दोन मुक्काम. माजलगावला धरण झालंय हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण तिच्या लेखी धरण म्हणजे एक भिंत. आणि मी? मी दोन मुक्काम म्हणजे दोन दिवसांची चाल धरली. माणसाची चाल. धरणाच्या पाण्याच्या कितीतरी वर असणार ती जागा, असं मनाशी धरून मी मोकळा झालो.

सकाळी निघालो ते बीड, वडवणी करत दुपारच्या आत माजलगावात. वाटेत ती एकदाही कण्हली नाही. उसाचे ट्रॅक्टर मागं टाकताना नुसती हसायची. बाजारात तिनं मला एका कापडाच्या दुकानापुढं थांबवलं आणि लहान पोरीचा परकर-पोलका मागितला. दुकानदारानं विचारलं, "केवढी हाय पोरगी?" आईनं कमरेशी हात धरून दाखवला, "येवढी." तो म्हणाला, "नात का?" आई म्हणाली, "लेक." त्यानं एकदा तिच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी दुसरीकडं बघायला लागलो. हिरवा परकर घेतला तिनं, लाल काठाचा. उजव्या पेटीत नीट घडी करून ठेवला, शेजारी नारळ आणि हळद-कुंकू.

मग माजलगावातून नदीच्या वरच्या अंगाला गाडी वळवली. भिंत मागं पडली. एका हाताला पाणी दिसत होतं, निळंशार, ऊन पडलेलं. मी आपला पुढं बघून चालवतोय. नीट वेग धरला न धरला तोच पाठीवर दोन थापा पडल्या.

मी वैतागलो. "आगं आत्ताच तर निघालो!" ती म्हणाली, "थांब जरा. पाय मोकळे करते." गाडी बाजूला घेतली. झालं, दोन मोटरसायकली थांबल्या, चार टाळकी उतरली. ॲव्हरेज किती देती? एकानं तर सरळ हँडल धरलं. "हात काढ बे," म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घालत बसलो. तेवढ्यात आई हळूहळू पाण्याच्या दिशेनं गेली. काठाला एक मासेवाला जाळं झटकत होता, त्याच्याशी ती काहीतरी बोलली. त्यानं हात लांब करून पाण्याकडं दाखवलं. मग तो गेला आणि ती तिथंच उभी राहिली. मी हाका मारल्या तरी लवकर वळली नाही.

आली तेव्हा टोपडं घातलेलंच होतं. म्हणाली, "माझं चुकलं बग. हितं न्हवं ते. धर्मापुरीकडं होतं."

"अगं पण तू म्हणत होतीस, सिंदफणेचा काठ..."

"म्हातारीचं डोस्कं हाय. तिकडं बी मेंढरं बसायचीच की. चल."

मी चिडलो थोडा, पण गाडी वळवली. आता जायचंच आहे तर धर्मापुरी काय आणि दुसरं काय, गाडीला लांबचा रस्ता म्हणजे खेळ. परळी मागं पडली. आरशात बघितलं तर तिच्या टोपड्याची काच खाली होती. मला वाटलं, धूळ लागत असेल.

धर्मापुरीत जुन्या दगडी देवळाला हात जोडले. तिथून थोडं पुढं गेलो तर रस्त्यापासून आत, बांधावर एक मोठं लिंब दिसलं. पाठीवर दोन थापा. "हेच," आई म्हणाली.

"एकच हाय की. दोन होती म्हणलीस."

"एक तोडलं आसंल."

"न् नदी?"

"नद्या सरकत्यात," ती म्हणाली.

मी मानलं. मला मानायचंच होतं. वर्षभर ज्यासाठी हात काळे केले ते समोर उभं होतं. मी त्या लिंबाला डोकं टेकलं आणि ताई म्हणून हाक मारली. जिला कधी बघितलं नाही तिच्यासाठी हमसून हमसून रडलो. आई बाजूला बसून माझ्याकडंच बघत होती. मग तिनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर दिला. मी म्हणालो, "परकर काढू का?" ती म्हणाली, "राहू दे. हितं कुत्री वढत्याल."

परत येताना तिनं माझ्या पाठीवरून सारखा हात फिरवला. थाप नाही, नुसता हात. मी म्हटलं, खूश झाली बिचारी. गावात आल्यावर चार जणांना छाती फुगवून सांगितलं, आईला ताईपाशी नेऊन आणली.

पुढच्या आखितीला पितरांचं करायचं म्हणून मी गाडी पुसायला काढली. "चल आई, ताईकडं जाऊन येऊ." ती जोत्यावर बसून डाळ निवडत होती. तब्येत उतरली होती तिची. म्हणाली, "नको. तितं न्हाई ती."

"म्हणजे?"

तिनं सूप खाली ठेवलं. "ती पाण्यात हाय. मी पाठीवर थापा दिल्या न्हाईत का? ते टेकाड दिसलं मला. बसकं. त्याच्या निम्म्यापतूर पाणी. मासेवाल्याला इचारलं, तर म्हणला, मावशी, सगळी रानं खाली गेली, लई वरसं झाली."

 मी म्हणालो, "पण दोन मुक्काम म्हणलीस की तू. आपण तर माजलगावातून आत्ता निघालतो."

"मेंढरू का पळतंय? चरत चरत जातंय. लेकरू पुरून निघालेली मी, मला ते दोन मुक्काम संपता संपले न्हाईत. तुझ्या घोडीनं दोन घटकंत नेलं. मला काय ठावं, माझी पोरगी भिंतीच्या एवढी जवळ हाय म्हणून?"

"मग तिथंच का नाही सांगितलं? धर्मापुरीला कशाला नेलंस मला? ते लिंब कुणाचं होतं?"

"कुनाचं का आसंना. वरीसभर त्या गाडीपायी झिजला तू. बोट चेंगरून घेतलं. तुला कसं सांगू, पोचलो न्हाई म्हणून? ती गेली, तिला आता काय कळतंय. तू हायस. तुझं तोंड बगवलं नस्तं मला."

मी तिच्यासमोर खाली बसलो. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "म्हणजे मी तिथं दुसऱ्याच्या झाडाला धरून रडत होतो आणि तू गप्प होतीस? तुला रडूसुद्धा आलं नाही?"

"आलं की," आई म्हणाली. "धर्मापुरी येईपतूर रडले. त्या टोपड्याच्या आत कोण बगतंय?"

मी म्हणालो, आपण परत जाऊ, त्या पाण्यापाशी जाऊ. ती म्हणाली, जाऊ. पण तिला आता टांग टाकता येत नव्हती, आणि पावसाळा संपेपर्यंत तर बसताही येईना. दिवाळीच्या आधी ती गेली. त्या दिवशी मी शेडमध्ये होतो. निरोप आला तेव्हा हातात पाना होता, तो तसाच धरून घरापर्यंत पळत आलो.

राख सावडली. भावकीतले म्हणाले, आबाची गोदावरीला सोडली, आईची पण तिकडंच सोडू, गेवराईकडं दोन जीपा करू. मी नाही म्हणालो. माजलगावच्या धरणात सोडणार म्हणालो. चुलते भडकले. "गंगा सोडून धरणात? कावून बे? येड लागलं का तुला?" मी कुणाला काही सांगितलं नाही. आईनं जे माझ्यापासूनसुद्धा झाकून ठेवलं ते चव्हाट्यावर कशाला मांडू? एवढंच म्हणालो, "तिला जीपमधे गाडी लागती." बायकांतून एक हुंदका आला आणि मग कुणी अडवलं नाही.

राखेचं गाडगं मागच्या सीटवर ठेवलं, दोन्ही हातांच्या मधे, टेकूला लावून पट्ट्यानं बांधलं. टोपडं सवयीनं हातात घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं. उजव्या पेटीत हिरवा परकर तसाच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

वाटेत तेल भरायला थांबलो तर एक जण आलाच. "भाऊ, येवढी मोठी कावून घेतली?" मी म्हणालो, "आईला बसवायला." त्यानं मागं बघितलं. तो हसला नाही. त्यानं चप्पल काढली आणि हात जोडले.

माजलगाव ओलांडलं, भिंत मागं पडली. या वेळी मी पाण्याकडं बघत होतो. बसकं टेकाड दिसलं, खरंच उंट बसल्यासारखं, निम्म्यापर्यंत पाण्यात. इतकं जवळ होतं ते. मागच्या खेपेला मी मान वळवली असती तरी दिसलं असतं.

पाठीवर थाप पडली नाही. मीच थांबलो. गाडग्याचा पट्टा सोडला, परकराची घडी मोडून त्यात ते नीट गुंडाळलं आणि छातीशी धरून पाण्यापर्यंत गेलो.

"आई," म्हणालो, "उतर. मुक्काम आला."